शिलाई मशीनच्या खणातल्या गोळ्या: ती खोटारडी की आजारी?

रानजाई: माझ्या मावसबहिणीचं वजन ५८ किलो. थायरॉईडची गोळी किलोमागे रोज साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे तिला शंभराच्या आतच पुरायला हवी. डोस चढत चढत ३०० वर गेला, तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढतं ते संप्रेरक) नव्वदच्या खाली येईना. शेवटी डॉक्टरांनी नर्ससमोर एकदम १००० मायक्रोग्रॅम दिलं, तोंड उघडून जीभ वर करायला लावली आणि दर दोन तासांनी रक्त घेतलं. फ्री टी-४, म्हणजे गोळीतलं थायरॉईडचं संप्रेरक, रक्तात व्यवस्थित चढला. म्हणजे आतड्यात दोष नव्हता, गोळी पोटात जातच नव्हती. पुढे मशीनच्या खणात, रिळांखाली, कागदाच्या पुड्यांत गोळ्या सापडल्या.

भाऊजींनी त्या पुड्या सगळ्या नातेवाइकांसमोर उघडल्या. तिला ना रजा हवी होती, ना पैसे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, हा फॅक्टिशियस डिसऑर्डर आहे, आजारीपणच हवंसं वाटतं. आजारी माणसाची अशी धिंड काढतात का?

पाणवठा: धिंड नको, मान्य. पण त्यापायी एन्डोस्कोपी (तोंडातून नळी घालून पोटाची तपासणी) झाली असेल, घरच्यांच्या रात्री गेल्या असतील. थायरॉईड असंच खाली राहिलं तर मिक्सिडीमा कोमा, म्हणजे थायरॉईड फारच कमी पडून बेशुद्धी, येऊन जीवही जाऊ शकतो. तोंडावर स्पष्ट सांगायलाच हवं.

रानजाई: एन्डोस्कोपी दोनदा झाली. पण चोर पकडल्यासारखं बोलल्यावर काय झालं? तिने डॉक्टर बदलले. नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून तपासण्या.

मीठभाकर: आधी संशय तपासून घ्या हो. माझ्या आईला "तुम्ही गोळ्या घेतच नाही" असं दोन वर्षं ऐकवलं. ती बिचारी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्याच घोटाबरोबर घेत होती! चार तासांचं अंतर ठेवलं, टीएसएच उतरला. नुसतं विसरणारेही कितीतरी असतात. आई अजून त्या डॉक्टरांचं नाव काढलं की रडते.

पाणवठा: मग रानजाई, उपाय काय केला?

रानजाई: टी-४ रक्तात निम्मा व्हायला आठवडा लागतो, म्हणून आठवड्याचा डोस एकदम देता येतो. हृदय धड नसेल तर मात्र हे जमत नाही. ती दर सोमवारी दवाखान्यात जाते, नर्ससमोर गोळ्या गिळते. मग दोघी दहा मिनिटं बोलत बसतात. पुड्यांचा विषय कुणी काढत नाही. टीएसएच उतरतोय.

पाणवठा: उतरतोय हे उत्तम. तरी तिला पुड्यांबद्दल एकदा विचारा, एकांतात, मायेने. भाऊजींनाही उत्तर हवंच असेल ना?