चार जुलैच्या मिरवणुकीत ढोल-ताशा वाजवावा का?

पेणचा_गणपती (धागाकर्ता)

येत्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतायत. फिलाडेल्फियाच्या बाहेर आमचं छोटं गाव आहे, तिथे दरवर्षी मिरवणूक निघते. आगीचे बंब, शाळेचा बँड, जुन्या मोटारी, ट्रॉलीवर खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे सैनिक. यंदा गावाने आमच्या ढोल-ताशा पथकाला बोलावलंय. मी बैठकीत सहज "जाऊ या की" म्हटलं आणि मग जे झालं ते मंडळाचा हिशेब मांडतानासुद्धा होत नाही. निम्मे म्हणाले हा आपला सण नाही. एकजण म्हणाला, सध्या इथे झेंडा हातात घेतला तरी लोक पक्ष विचारतात. एका काकूंनी विचारलं, भगवा न्यायचा की त्यांचा? चहा संपला, निर्णय झाला नाही. म्हणून इथे आलोय.

माझं मत सांगतो. वाजवावा, आणि दणकून वाजवावा.

मी इथे २२ वर्षं आहे, त्यातली ९ नागरिक म्हणून. या देशाच्या भानगडी मला ठाऊक नाहीत असं नाही. पण त्या दिवशी साजरा होतो तो एक कागद. स्वातंत्र्याचा ठराव खरं तर २ जुलै १७७६ लाच मंजूर झाला होता. जॉन अ‍ॅडम्सने (पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो) दुसऱ्या दिवशी बायकोला लिहिलंसुद्धा, की पुढच्या पिढ्या दोन जुलै हा दिवस मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा आणि रोषणाई करून साजरा करतील. बाकी सगळं खरं ठरलं, तारीख तेवढी चुकली. ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मसुदा, आणि बहुतेकांच्या सह्या तर २ ऑगस्टच्या. म्हणजे लोक लढाईतल्या विजयाचा दिवस साजरा करत नाहीत (लढाई संपायला अजून पाच-सात वर्षं होती), मजकूर पक्का झाल्याचा दिवस साजरा करतात. मला हे फार आवडतं. पुढे पन्नासाव्या वाढदिवशी, ४ जुलै १८२६ ला, अ‍ॅडम्स आणि जाहीरनामा लिहिणारा जेफरसन दोघंही एकाच दिवशी गेले. आपल्याकडे आषाढीला देह ठेवला म्हणतात, तसंच.

त्या कागदात सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिलंय. लिहिणाऱ्यांनी ते पाळलं नाही, कबूल. पण ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी तोच कागद पुढे केला. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्क परिषदेत बायकांनी त्याच वाक्यात 'आणि स्त्रिया' घातलं. शंभरीच्या दिवशी, ४ जुलै १८७६ ला, स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी लढणारी सुझन अँथनी बोलावणं नसताना इंडिपेंडन्स हॉलच्या (जाहीरनामा मंजूर झाला तीच इमारत) व्यासपीठावर चढली आणि स्त्रियांचा जाहीरनामा हातात देऊन आली. लिंकनने १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणात ८७ वर्षं मागे मोजली ती १७७६ पर्यंत, राज्यघटनेपर्यंत नाही. आणि १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषणात त्या कागदातलं वचन म्हणजे न वटलेला धनादेश आहे, असं सरळ सुनावलं. बुडवणाऱ्याच्याच सहीचा कागद घेऊन त्याच्या दारात वसुलीला जाता येतं, असा देश मला तरी दुसरा माहीत नाही.

कोथरूडचा_कडू

धाग्याचं काश्मीर होणार. जागा धरून ठेवतो.

रानजाई

लेख छान, पण वसुली कोणाची किती झाली ते बघू या का?

तुम्ही फिलाडेल्फियाजवळ राहता म्हणून तिथलंच सांगते. इंडिपेंडन्स हॉलपासून हाकेच्या अंतरावर, सिक्स्थ आणि मार्केटच्या कोपऱ्यावर, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना ज्या घरात राहिला त्याची जागा आहे. त्या घरात त्याने नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा होता, की बाहेरून आलेल्याचा गुलाम राज्यात सलग सहा महिने राहिला तर तो स्वातंत्र्य मागू शकतो. मग राष्ट्रपिता काय करायचा? सहा महिने भरत आले की त्या माणसांना काही दिवस राज्याबाहेर पाठवून परत आणायचा. मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपल्याकडे कंत्राटी कामगाराला कायम करावं लागू नये म्हणून मध्ये खंड दाखवतात ना, तीच युक्ती, शंभर टक्के.

ओना जज ही त्या घरात मार्था वॉशिंग्टनची दासी होती. मे १७९६ मध्ये घरचे जेवायला बसलेले असताना ती बाहेर पडली आणि न्यू हॅम्पशायरला पोहोचली. वॉशिंग्टनने तिला परत आणायचे प्रयत्न केले. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याने फरारीच होती. स्वयंपाकी हर्क्युलिस पळाला तो २२ फेब्रुवारी १७९७ ला, म्हणजे वॉशिंग्टनच्या वाढदिवशी. त्या वाढदिवसाची आज तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी. यातल्या कोणाला त्या कागदाने सोडवलं? पायांनी सोडवलं.

जेफरसनच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती. आणि त्याच जाहीरनाम्यात, राजाविरुद्धच्या तक्रारींच्या यादीत, मूळ रहिवाशांना 'निर्दय इंडियन रानटी' म्हटलंय. तेही कागदातच आहे, गणपतीराव. २५० वर्षांचा ढोल वाजवताना ती ओळ वगळून वाजवणार का?

आणखी एक. मार्च २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला, की राष्ट्रीय स्मारकांवर अमेरिकन पूर्वजांना अनुचितपणे कमी लेखणारा मजकूर असू नये. त्यात तुमच्या फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स पार्कचं नावच घेतलंय. ज्या वर्षी फलक काय सांगणार यावर वाद चालू आहे, त्याच वर्षी तुम्ही ताशा घेऊन निघणार. पक्ष विचारणारा तो सभासद अगदीच चुकीचा नव्हता.

तात्या_बखरवाले

अवांतर आहे, पण राहवत नाही. बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ रोजी ३४२ पेट्या चहा बुडाला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा. तीच कंपनी १७७५ साली सुरतेस राघोबादादांशी तह करीत होती. कलकत्त्याच्या मंडळींना तो मान्य नव्हता, म्हणून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. सवाई माधवराव तेव्हा पुरते दोन वर्षांचेही नव्हते, कारभार नाना आणि सखारामबापूंच्या हाती. म्हणजे तिकडे जाहीरनाम्याची शाई वाळत होती तेव्हा इकडे आपणही त्याच शत्रूशी झुंजत होतो.

आता गंमत ऐका. यॉर्कटाउनला १७८१ साली अमेरिकनांना शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये आपला गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९२ साली त्याने टिपूला श्रीरंगपट्टणास गुडघ्यावर आणले, तेव्हा त्याच्या बाजूने कोण होते? हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन, फौजेसकट! ज्याला अमेरिकनांनी हाकलला त्याच्या खांद्याला खांदा लावून आपण लढलो. तेव्हा कोणाच्या वर्धापनदिनाला नाक मुरडण्याआधी आपला जमाखर्चही काढावा.

कोथरूडचा_कडू

तात्या, टिपू आला. शतक नक्की.

पेणचा_गणपती

रानजाई, सहा महिन्यांची ती युक्ती मला माहीत नव्हती. इतकी वर्षं पाहुण्यांना लिबर्टी बेल दाखवायला नेतो, त्या कोपऱ्यावरून कितीदा गेलो असेन. लाज वाटली. खरंच.

तरी माझा मुद्दा उरतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती कोणाला? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून. तिथल्या गुलामगिरीबद्दल त्यांना काही कळत नव्हतं असं तर कोणी म्हणणार नाही. तरीही पुण्यात बसून त्यांनी त्या देशातलं चांगलं ओळखलं आणि उघड दाद दिली. मग मी तिथे राहून, कर भरून, दाद द्यायची नाही?

रानजाई

मला वाटलंच होतं फुले येणार. या, पण पूर्ण या. अर्पणपत्रिका आहे गुलामांना सोडवणाऱ्यांना. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांना नाही. १७७६ आणि गुलामगिरी संपली ते १८६५ यांच्यामध्ये ८९ वर्षं आणि एक भयंकर यादवी आहे. फुल्यांनी दाद दिली ती १८६५ ला.

आणि पुढचंही वाचा. पुस्तक निघून चार वर्षं होतात न होतात तोच, १८७७ मध्ये, उरलंसुरलं केंद्राचं सैन्य दक्षिणेतल्या कारभारातून मागे घेतलं गेलं. मुक्त झालेल्यांना जुन्या मालकांच्या तोंडी देऊन सदाचारी लोक घरी गेले. १८७६ च्या शंभरीला फिलाडेल्फियात प्रचंड प्रदर्शन भरलं होतं, बेलचा टेलिफोन, स्वातंत्र्यदेवतेचा मशालीसकट हात, सगळं बघायला जवळजवळ कोटभर लोक आले. त्याच उन्हाळ्यात लिटल बिगहॉर्नला मूळ रहिवासी आपल्या जमिनीसाठी लढत होते. मोठा उत्सव चालू असला की कडेला काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून मला या आकड्यांच्या उत्सवांची भीती वाटते. आपल्या अमृतमहोत्सवातही वाटली होती.

रांगेत_उभा

तुमचं इतिहासाचं भांडण चालू द्या, मी वर्तमानातला आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत १२ वं वर्ष. कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर द्यायची नाहीत, या नियमामुळे भारतात जन्मलेल्याची रांग हलत नाही. मुलगी इथे जन्मली, ती नागरिक, मी अर्जदार. सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी लावली त्या रात्री ऑफिसच्या ग्रुपवर लोक विमानातून उतरून परत येत होते. मिरवणुकीत मुलगी लेझीम घेऊन जाईल, तिचा हक्क आहे. मी फुटपाथवर उभा राहून फोटो काढीन. ढोल माझ्या गळ्यात अडकवू नका, एवढंच.

पेणचा_गणपती

कोणी अडकवणार नाही रे. पण तू ताशा सगळ्यात चांगला वाजवतोस ही अडचण आहे.

रांगेत_उभा

ओळखलंत होय. झालं मग.

सीमाभागातला

बेळगावहून. आमच्याकडं १ नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर एका बाजूला राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडं काळ्या दिवसाची फेरी. लहानपणापासून बघतोय. आनंद त्यांचाही खोटा नाही आणि दुःख आमचंही खोटं नाही. एवढंच कळतं की ज्यांचा आनंद असतो त्यांना बँडबाजाला परवानगी मिळते. बाकी तुम्ही शिकलेली माणसं, बघा.

माईंची_वही

मीच ती झेंडा विचारणारी काकू.

मी १९७१ साली आले, ह्यांच्या मागोमाग. १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा झाला नसता तर आलेच नसते. त्याआधी सबंध भारतातून वर्षाला शंभर माणसांची मुभा होती. आणि तो कायदा काही आकाशातून पडला नाही. त्या दशकात कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर मार खाल्ला, कुत्री अंगावर घेतली, तेव्हा कातडीचा रंग बघून कायदे करायची या देशाला लाज वाटायला लागली. आमच्या व्हिसावर त्यांचे उपकार आहेत. हे आपल्या मंडळात कोणी बोलत नाही. उलट त्यांच्या वस्तीतून गाडी जाताना काचा वर करतात, मीही केल्या आहेत.

दोनशेव्या वर्षी, १९७६ ला, मी इथेच होते. गल्लीतल्या पोरांनी आगीच्या पाण्याचे नळ लाल-पांढरे-निळे रंगवले होते. इंग्लंडची राणी फिलाडेल्फियाला घंटा भेट द्यायला आली होती, म्हणजे ज्यांच्यापासून सुटलो त्यांच्याकडूनच आहेर! आणि त्या निमित्ताने नवी पावली निघाली, पंचवीस सेंटची. माझ्याकडे अजून जपून ठेवली आहे. तिच्या मागच्या बाजूला काय असावं? गळ्यात ढोल अडकवलेला माणूस, टिपऱ्या उगारून. तेव्हा "ढोल इथला नाही" असं कोणी म्हणू नये, एवढंच मला म्हणायचं होतं. झेंड्याचं मी विचारलं ते शिवायला टाकायचा म्हणून, तुम्ही त्यात भलतंच पाहिलंत.

पेणचा_गणपती

माई, नमस्कार करतो. बैठकीत हे का नाही बोललात?

माईंची_वही

बोलू कोण देतं.

रानजाई

माई, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदासाठी मी माझे अर्धे मुद्दे मागे घेते. उरलेले अर्धे ठेवते.

गणपतीराव, एक सुचवू? फ्रेडरिक डग्लसला १८५२ मध्ये रॉचेस्टरला चार जुलैचं भाषण करायला बोलावलं होतं. तो स्वतः गुलामीतून पळालेला. तो चारला बोललाच नाही, पाचला बोलला. गुलामाला तुमचा चार जुलै म्हणजे काय, हा त्याचा प्रश्न होता. तरी त्याने जाहीरनामा फाडला नाही, त्यातली तत्त्वं तारक आहेत असंच म्हणाला. म्हणजे तुमची वसुलीची गोष्ट त्यालाही मान्य होती, फक्त सणाच्या पंगतीला तो बसला नाही. तुम्ही चारला काय वाजवायचं ते वाजवा. पाचला त्या कोपऱ्यावर जा आणि ती नऊ नावं वाचा. ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलिस, ख्रिस्तोफर शील्स, रिचमंड, जाइल्स, ओना जज, मॉल, जो रिचर्डसन. फलकावर असली तरी वाचा, नसली तर नक्की वाचा.

तात्या_बखरवाले

पाच तारखेस वार कोणता?

पेणचा_गणपती

रविवार. मी जाणार आहे. पथकाच्या ग्रुपवर टाकलंय, आतापर्यंत चार जण हो म्हणाले, एकाने "यात राजकारण नको" म्हणून ग्रुप सोडला.

रांगेत_उभा

पाचला मी येतो. पण चारला फिलीत वर्ल्डकपचा सामना आहे, दुसऱ्या दिवशीही गर्दी राहणार. पार्किंग कुठे मिळणार?

माईंची_वही

सेप्टाच्या लोकलने या सगळे. आणि पाचला ढोल घरी ठेवा.