अनुभव धागा: रोजची प्रार्थना कुठे तुटली, परत कशी धरली?

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेतून घरी येताना मी दर वर्षी एकच ठरवते, यंदा पूर्ण बायबल वाचायचं. आमच्या प्रॉटेस्टंट बायबलचे १,१८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होऊन जातात. हिशेबात काही खोट नाही. पहिलं पुस्तक उत्पत्ती मजेत जातं, दुसरं निर्गम मोशेच्या जोरावर निघतं. मग निवासमंडपाचे पडदे, कड्या, आकड्या सुरू होतात आणि २६ जानेवारीच्या आसपास तिसरं, नियमांनी भरलेलं लेवीय लागतं. तिथे माझी गाडी बंद पडते. सलग सात वर्षं पडली.

चर्चमध्ये साक्षी पुष्कळ ऐकतो आपण. पहाटे चारला उठतो, तासभर गुडघ्यावर असतो, प्रभूने असं केलं, तसं केलं. ऐकून आनंद होतो आणि घरी आल्यावर आपलीच लाज वाटते. म्हणून हा धागा उलट्या बाजूने काढतेय. तुमची रोजची प्रार्थना कुठे तुटली? परत धरली असेल तर कशी? नावं नकोत, मोहल्ला आणि कामधंदा सांगितला तरी पुरे. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकोस्टल, सगळे या. कोणाचं खरं यावर मात्र इथे भांडायचं नाही, त्याला चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या मीटिंगा आहेत.

माझं आधी सांगते. नागपुरात सदरमध्ये राहते, बँकेत आहे. आठव्या वर्षी मी वर्षाचा तक्ताच फाडला आणि मार्क उघडला. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, तो सगळ्यात लहान, १६ अध्याय. पण ठरवलं काय, तर सकाळी गॅसवर दूध तापतं तेवढ्या वेळात एक परिच्छेद, उभ्याने, मोठ्याने. बायबल कपाटातून निघून फ्रिजवर आलं, प्लॅस्टिकचं कव्हर घालून. दोन वर्षं झाली. दूध चार-पाचदा उतू गेलंय. मार्क तीनदा झाला, आणि लेवीयसुद्धा मागच्या पावसाळ्यात चुपचाप होऊन गेलं, कारण कुठल्या तारखेला संपवायचं ते ठरलेलंच नव्हतं.

मेमध्ये मात्र आमची घरची संध्याकाळची प्रार्थना अजूनही डळमळते. कूलर चालू ठेवला तर कोणाचं काही ऐकू येत नाही आणि बंद केला तर ४५ डिग्रीत पोरं दोन वाक्यांत आमेन म्हणतात.

अजनी, रेल्वे, गाडीवर

ताई, मले पहिले एक सांगायचं आहे. प्रत्येक प्रवचनात ‘पहाटे’ काहून असते? येशू पहाटे उठून एकांतात गेला हे मलेही माहीत आहे, मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे ते. पण माझी पहाट कधी इटारसीच्या रनिंग रूममध्ये (गाडी चालवणाऱ्यायच्या आरामाच्या खोलीत) होते, कधी बल्लारशाहला, आणि कधी होतच नाही, इंजिनमध्येच सूर्य वर येते. ड्युटीचा कॉल कधी येईल त्याचा नेम नाही. वीस वर्षं मी स्वतःले अर्धा ख्रिस्ती समजून राहिलो.

तुटलं म्हणण्यासारखं काही नव्हतंच, कारण कधी लागलंच नव्हतं. मग एक दिवस रनिंग रूममध्ये झोप येत नव्हती, स्तोत्रसंहिता चाळून राहिलो होतो, आणि १३४वं स्तोत्र लागलं. तीनच ओव्या. रात्री देवाच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांसाठी आहे ते. म्हणजे मंदिरातही नाईट ड्युटी होती ना बाप्पा! कोणीतरी जागत होतं, आणि त्यायच्यासाठी गाणं लिहून ठेवलं होतं.

तवापासून घड्याळ सोडलं, बूट धरले. ड्युटीवर निघताना बुटाची लेस बांधतो तवा ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. डावा बूट होईपर्यंत हिरवी कुरणं, उजव्याले मृत्युच्छायेची दरी. दुपारी दोनले बूट घातले तर दुपारी दोनले, रात्री अडीचले घातले तर अडीचले. परत येऊन बूट काढतो तवा फक्त ‘प्रभू, पोहोचलो’. रुळावर कोणी आलं असते एखाद्या दिवशी, तवा तेवढंही निघत नाही तोंडातून. बसून राहतो. बायको समजते.

मोहन नगर, गृहिणी, कॅथलिक

आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना, संध्याकाळी सातला घरात सगळे हजर पाहिजेत. पाच दशकं, म्हणजे पाच वेळा ‘आमच्या बापा’ आणि प्रत्येकामागे दहा ‘नमो मारिया’. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. लहानपणी मला ती शिक्षा वाटायची. मणी मोजत नव्हते, घड्याळ मोजत होते.

आजीची एक गंमत सांगते. रोझरी म्हणताना येशू आणि मारियेच्या जीवनातले प्रसंग मनात आणायचे, त्यांना रहस्यं म्हणतात. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची रहस्यं नव्याने जोडली आणि ती गुरुवारी म्हणायची असं सांगितलं. त्याआधी सोमवारी आणि गुरुवारी आनंदाची रहस्यं असायची. आजीने ऐकून घेतलं, पोपसाहेबांसाठी प्रार्थना केली, आणि मरेपर्यंत गुरुवारी आनंदाचीच म्हटली. आम्हीही तिच्यामागे तेच. फादर घरी आले त्या एका गुरुवारी फक्त ती गप्प बसली होती.

ती गेली आणि रोझरी थांबली. कोणी ठरवून थांबवली नाही, सात वाजले तरी कोणी कोणाला बोलावलं नाही, एवढंच. तीन वर्षं तसंच गेलं. मग आईचा गुडघा बदलला. मी तिला रोज व्यायाम करवायचे, पाय दहा वेळा उचल, दहा वेळा वाकव. चौथ्या-पाचव्या दिवशी मोजता मोजता आईच ‘नमो मारिया, कृपापूर्णे’ म्हणायला लागली, आकड्यांच्या जागी. दहा झाले की पाय खाली. गुडघा बरा झाला, रोझरी राहिली. फक्त आता ती सकाळी असते, खुर्चीवर बसून, आणि गुरुवारचं काय करायचं यावर आमच्या दोघींचं अजून एकमत नाही.

एका खाजगी दवाखान्यात नर्स

हात धुताना. कोविडपासून. साबण लावून प्रभूची प्रार्थना नीट, न गडबडता म्हटली की जवळजवळ अर्धा मिनिट होतं. एका शिफ्टमध्ये पन्नासेकदा हात धुवावे लागतात. प्रत्येक वेळी लक्ष असतं असं नाही. ‘आमची रोजची भाकर’पर्यंत येऊन डोक्यात टिफिन आला आहे, हेही झालंय.

मिहान, आयटी

माझी केस लाजिरवाणी आहे. फोनवर बायबलचं ॲप होतं, रोज उघडलं की आकडा वाढतो. माझा आकडा १४० च्या वर गेला होता. स्क्रीनशॉट काढून युवक संघाच्या ग्रुपवर टाकायचो. मग डेंग्यू झाला. तापात चार दिवस फोन हातात घेतला नाही, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय पाहिलं असेल? प्लेटलेट नाही. आकडा. शून्य झाला होता. मी खरोखर रडलो. तेव्हा कळलं की मी इतके दिवस कोणासमोर बसत होतो.

ॲप काढून टाकलं. नंतर सवयींवर वाचत असताना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २००९चा अभ्यास सापडला. ९६ लोक होते. नवी गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण पसारा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळे सांगतात त्याला तिथे आधार नाही. आणि माझ्या कामाची गोष्ट ही, की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष फरक पडला नव्हता. आकडा शून्य होतो तो फक्त ॲपमध्ये.

आता सीताबर्डीहून मेट्रोत बसलो की खापरीपर्यंत कानात इअरफोन घालतो, पण काही लावत नाही. नुसते घालतो, म्हणजे कोणी बोलत नाही. कालचा दिवस मागून पुढे आठवतो. कुठे चिडलो, कुठे खोटं बोललो, कोणाचं बरं वाटलं. एका जेझुइट फादरांनी सांगितलं की इग्नेशियस लोयोला सोळाव्या शतकातच हे शिकवून गेले आहेत, रोज दिवसाची उजळणी करायची. मला वाटत होतं मीच शोधलं.

मोहल्ला सांगत नाही, पाळकाची पत्नी

माझं तीन वर्षं तुटलेलं होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. महिला मंडळात प्रार्थना मीच चालवायचे. आजाऱ्यांच्या घरी जायचे, डोक्यावर हात ठेवायचे, शब्द यायचे, लोकांचे डोळे भरायचे. घरी येऊन दार लावलं की आत काहीच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं. कोणाला सांगणार? पाळकाच्याच घरात दिवा नाही म्हटल्यावर!

८८वं स्तोत्र तेव्हा जवळचं झालं. बहुतेक विलापांच्या स्तोत्रांत शेवटी तरी उजेड येतो. या स्तोत्राचा शेवटचा शब्दही अंधाराचाच आहे. तरी ते बायबलमध्ये ठेवलं आहे, कोणी काढून टाकलं नाही, याचाच मला धीर आला.

आणि एलीया संदेष्टा. बायबलमध्ये १ राजे, अध्याय १९. रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा, म्हणतो. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत परत येतो, परत खायला देतो. हे वाचल्यावर मी डॉक्टरकडे गेले. नैराश्य होतं. औषध चाललं, दीडेक वर्ष. मंडळीतल्या एका बाईने ‘विश्वास कमी पडला’ असं म्हटलं, ते अजून टोचतं. पण गोळी घेताना ग्लासभर पाण्याबरोबर मी एक वाक्य म्हणायला लागले होते, ‘प्रभू, आज एवढंच’. औषध बंद झालं, वाक्य चालू आहे.

(ताई, लिहिलंत, उपकार झाले. यावर कोणी सल्ला देऊ नये ही विनंती. धागाकर्ती.)

उत्तर नागपूर, शिक्षिका

माझं माहेर ख्रिस्ती, सासर बौद्ध. लग्नानंतर पहिलं वर्ष मी बाथरूममध्ये प्रार्थना केली. कोणी मनाई केली नव्हती, मलाच संकोच वाटायचा. सासूबाई सकाळी सहाला मेणबत्ती लावून वंदना घेतात, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर. त्यांचा आवाज घरभर येतो. एक दिवस पाणी गेलं, बाथरूममध्ये बादल्या भरून ठेवलेल्या, जागा नाही. मी त्यांच्या मागे भिंतीला टेकून बसले आणि मनातल्या मनात माझं म्हटलं. त्यांनी वळून पाहिलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिथे एक जास्तीची चटई होती.

आता गंमत अशी की मी कधी टाळलं, तर त्याच विचारतात, ‘आज तुझं झालं नाही का गं? मग चहा कसा ठेवला?’ आमच्या पास्टर साहेबांनीसुद्धा इतकी चौकशी केली नाही कधी.

कामठी रोड, दोन वर्षांच्या मुलाची आई

आमचा आता कुकरच्या शिट्टीलाही आमेन म्हणतो. माझी सध्या एवढीच उपासना.

वसतिगृह, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मी सोडून दिलंय. भांडण नाही, राग नाही. घरून आलो, पहिल्या सेमिस्टरला उशीखाली नवा करार होता, दुसऱ्याला बॅगेत, आता कुठे आहे माहीत नाही. आईला फोनवर ‘हो, करतो’ म्हणतो. ते खोटं आहे, तेवढं इथे लिहावंसं वाटलं.

गड्डीगोदाम, वय ७८, निवृत्त

बेटा, वसतिगृहवाल्या, तुझं वाचलं. मी उपदेश करत नाही, माझं सांगतो.

आमच्या घरी दोन प्रकार होते. वडील अँग्लिकन, ते पुस्तकातून प्रार्थना म्हणायचे, शब्दाला शब्द. त्यांच्या पुस्तकात स्तोत्रसंहिता तीस दिवसांत वाटून दिलेली असे, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. १५० स्तोत्रं महिन्यात पूर्ण, पहिल्या तारखेला पुन्हा पहिलं. आईचं माहेर स्कॉटिश मिशनचं, ती मनाने करायची, डोळे मिटून, लांबलचक, शेजाऱ्याच्या म्हशीपर्यंत सगळ्यांची नावं घेत. वडील म्हणायचे, तुझी प्रार्थना म्हणजे वर्तमानपत्र. आई म्हणायची, तुमची म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा मी बाविशीत होतो. आई म्हणाली, आपल्या घरात हे कधीच झालं आहे.

मी दोन्ही सोडलं होतं, तुझ्याच वयात. बारा वर्षं. परत कसं आलं ते नीट सांगता येत नाही. कवी ना. वा. टिळकांची गोष्ट लहानपणी ऐकली होती. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका साहेबाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून त्यांना उठवेना. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला. मला वाटायचं, मलाही असं काही होईल. झालं नाही. आई वारली, तिच्या ट्रंकेत एक शाळेची वही निघाली. त्यात नुसती नावं. माझ्या नावावर रोजची एक बारीक रेघ, पानंच्या पानं. मी त्या वहीत पुढच्या पानापासून लिहायला लागलो. एवढंच.

आता सातवी वही आहे. गेलेल्यांची नावं मागच्या पानावर जातात, आणि मागची पानं भरत चालली आहेत. डोळे नीट चालत नाहीत, मग नावावर बोट ठेवतो आणि पुढे सरकतो. या धाग्यावर नावं नाहीत म्हणून मी तसंच लिहून घेतलंय: अजनीचे बूट, आईचा गुडघा, चटईवाली सून, आज एवढंच.

वसतिगृह, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

काका, माझं लिहिलंय?

गड्डीगोदाम, वय ७८, निवृत्त

कालच लिहिलं. पेन संपलं होतं म्हणून तुझं पेन्सिलीने आहे.