सामायिक वंशवृक्षातली दुसऱ्याची चूक: आधी विचारायचं की आधी बदलायचं?

रेवदंड्याचा पणतू
'हर्णैकर' यांनी काल लिहिलं, "झाड सगळ्यांचं आहे. चूक दिसली की बदला आणि पुढे चला. विचारत बसलात तर जन्म जाईल." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑनलाइन सामायिक वंशवृक्षात माझ्या पणजोबांच्या पानावर मी 'बोट बुडून वारले, 1927' एवढंच लिहिलं होतं. कुणा लांबच्या भाऊबंदाने ते खोडून '17 जुलै 1947, रामदास बोट' असं टाकलं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: 'दुरुस्ती'. आपल्याकडे बोट बुडाली म्हटलं की लोकांना रामदासच आठवते. 11 नोव्हेंबर 1927 ला तुकाराम आणि जयंती अशा दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, हे त्या गृहस्थांच्या गावीही नसावं. आमच्या जमिनीच्या 1928 च्या फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या सरकारी नोंदीत, आजोबा आणि त्यांच्या भावाची वारस नोंद आहे. दोघं अज्ञान, म्हणजे वयाने लहान, त्यामुळे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून पणजीचं नाव. बाप जिवंत असता तर पोरं वारस लागली असती का? एक निरोप टाकला असता तर मी त्याच दिवशी फेरफाराचा फोटो पाठवला असता. आता ती 1947 ची तारीख इतरांनीही आपापल्या झाडात उतरवून घेतली आहे. ती कुठे कुठे जाऊन निस्तरू?

हर्णैकर
तुमच्या बाबतीत अन्याय झाला, मान्य. पण माझं ऐका. आमच्या चुलतपणजोबांचा जन्म कुणीतरी 1812 लावला होता आणि त्यांच्या मुलाचा 1915. बाप शंभरीच्या पुढे! उघड आहे, घरच्या वहीत शके 1812 होतं, ते इसवी सन म्हणून चढवलं. पान सांभाळणाऱ्याला मी निरोप पाठवले, उत्तर नाही. तो माणूस तिथे फिरकतच नाही. फॅमिलीसर्च या वंशवृक्षाच्या वेबसाइटवर मृत व्यक्तीचं पान कुणीही बदलू शकतो, जुनी माहिती बदलांच्या इतिहासात राहते आणि परत आणताही येते. मग 78 मिळवून मी 1890 केलं, त्याला परवानगी कशाला हवी?

रेवदंड्याचा पणतू
वहीत महिना कोणता आहे?

हर्णैकर
माघ वद्य.

रेवदंड्याचा पणतू
मग 1890 कसं होईल? शक चैत्रात बदलतो. माघ म्हणजे इंग्रजी वर्ष उलटून गेलेलं, तिथे 79 मिळवायचे. 1891. घाईने केलेली दुरुस्ती अशीच नवी चूक घालून ठेवते, हेच मी सांगतोय.

हर्णैकर
बरं, 1891. पण 1812 पेक्षा 1890 सत्याच्या कितीतरी जवळ होतं, आणि तुम्ही सांगता तसा निरोपाच्या उत्तराची वाट बघत बसलो असतो तर आजही 1812 च असतं.

राजापूरची लेक
तुम्ही दोघं पुरुषांच्या तारखांवर भांडताय. आमच्याकडे आख्खी बाई पुसली. पणजोबांची पहिली बायको 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. दुसरी आली, तिचं सासरचं नाव तेच ठेवलं. एका उत्साही गृहस्थाने 'एकच व्यक्ती दोनदा आली आहे' म्हणून दोन्ही पानं एक केली. झालं काय, तर 1918 ला वारलेल्या बाईला 1923 साली मूल! मग दुसरा 'दुरुस्ती' करायला आला आणि त्याने त्या मुलीचं नातंच तोडलं. ती मुलगी म्हणजे माझी आजी. तिचा हात धरून मी शाळेत गेले आहे, आणि झाडात तिला आई नाही.

खेडचा मास्तर
ताई, वाईट वाटलं. पण बायकांची पानं एक होणारच. जुन्या वंशावळीत त्यांची नावंच नाहीत. पुरुषाखाली पुरुष, बाजूला फार तर 'स्त्री लक्ष्मी'. माहेर मिळणार कुठून?

राजापूरची लेक
'मिळणार कुठून' म्हणून सगळे सोडून देतात, म्हणूनच मिळत नाही! मी माझ्या पणजीच्या माहेरी गेले. तिथल्या जुन्या पोथीच्या पुठ्ठ्याच्या आत मुलींच्या लग्नाची टिपणं होती: माहेरचं नाव, कुठल्या गावी दिली, कोणाच्या घरात. सासरच्या कागदात यातली एक ओळ नाही. आणि लोक काय करतात? माहेरचं आडनाव माहीत नाही म्हणून जन्माच्या रकान्यात नवऱ्याचं आडनाव ठोकतात. माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडा ना! रिकामा दिसला तर पुढचा कुणीतरी शोधेल.

खेडचा मास्तर
रिकामं सोडलं की शोधात पान सापडत नाही, म्हणून लोक भरतात. सगळ्यांच्याच मनात पाप नसतं.

राजापूरची लेक
पाप कोण म्हणालं? माझी आजी गायब झाली, एवढंच म्हणतेय.

आचऱ्याचो झील
माझापण ऐका. माझ्या आज्याचो जन्म 1903 चो, आचऱ्याचो. कोणीतरी 'जिल्हा सिंधुदुर्ग' करून ठेवल्यान. सिंधुदुर्ग जिल्हो झालो 1 मे 1981 क! आजो गेलो तेवापण रत्नागिरीच होती. मी दोनदा बदललंय, तो परत तसाच करता.

खेडचा मास्तर
आजचा माणूस सिंधुदुर्गच शोधणार. जन्माच्या वेळचा जिल्हा रकान्यात, आजचा टिपेत. एवढ्यावर भांडू नका.

आचऱ्याचो झील
मी भांडतंय खंय? तो भांडता.

हर्णैकर
राजापूरच्या ताईंचं वाचून एवढं कबूल करतो: दोन पानं एक करणं आणि आई-बाप-मुलांची नाती तोडणं, याला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तारीख परत फिरवणं एका मिनिटाचं काम आहे, पण एक झालेली दोन माणसं वेगळी करून कोणती मुलं कोणाची ते परत लावायचं तर जीव जातो. तारखांचं माझं मत कायम.

रेवदंड्याचा पणतू
तारीख बदला, पण कागदाचा फोटो जोडून आणि कारण पूर्ण वाक्यात लिहून. जुनी तारीख कोणती होती तेही टिपेत राहू द्या. 'दुरुस्ती' हे कारण नव्हे.

हर्णैकर
आणि समोरचा वर्षभर उत्तरच देत नसेल तर?

रेवदंड्याचा पणतू
वर्षभर कशाला, महिनाभर थांबा. नंतर नातंसुद्धा बदला, मी आड येणार नाही. पण तो निरोप आधी गेला पाहिजे.

हर्णैकर
महिना जास्त आहे. पंधरा दिवस थांबेन.

राजापूरची लेक
पंधरा तर पंधरा. पोथीतल्या त्या टिपणांची शेवटची पानं मोडी लिपीत आहेत, मला वाचता येत नाहीत. इथे कुणाला येत असेल तर सांगा, फोटो पाठवते. आजीच्या आईचं पान परत उभं करायचंय.