मदत हवी आहे: नवीन उबुंटू टाकल्यापासून इलेक्ट्रम हे बिटकॉइनचं वॉलेट उघडतच नाहीये

नमस्कार मंडळी, दोन दिवस झोप नाहीये म्हणून इथे विचारते. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ (लिनक्स) होतं, त्याचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, तरी मी तशीच वापरत राहिले आणि शेवटी गेल्या आठवड्यात नवीन एसएसडी घेऊन त्यावर कोरं २४.०४ टाकलं. जुन्या डिस्कवरचं होम फोल्डर फाइल मॅनेजरमधून सगळं सिलेक्ट करून नवीनवर कॉपी केलं. बाकी सगळं चालतंय, पण इलेक्ट्रमच्या ॲपइमेजवर (म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी एकाच फाइलमधली ॲप) डबल क्लिक केलं की काहीच होत नाही. एरर नाही, विंडो नाही, कर्सर जरासा फिरतो आणि थांबतो. फाइल २०२१ मध्ये डाउनलोड केलेली आहे, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एक्झिक्युटेबलची खूण पण केली.

घाई अशासाठी की गेल्या वर्षी थोडे बिटकॉइन विकले होते आणि सीए रिटर्नच्या शेड्यूल व्हीडीएसाठी (क्रिप्टोच्या व्यवहारांचा तक्ता) घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, किंमत सगळं मागतायत, आणि ती सगळी हिस्टरी त्या वॉलेटमध्ये आहे. रक्कम फार मोठी नाही, पण शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे आहेत.

अजून एक, आणि याचीच जास्त भीती वाटतेय. काल रात्री घाबरून मोबाईलवरच्या एका दुसऱ्या वॉलेटमध्ये माझे १२ शब्द (इलेक्ट्रमने वॉलेट बनवताना दिलेले, वॉलेट परत मिळवायचे) टाकून बघितले तर ते म्हणतं शब्द चुकीचे आहेत. कागदावरचे शब्द मी चार वेळा ताडून बघितले, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पैसे गेले का माझे?

प्रतिसाद १

ताई, आधी पाणी प्या. पैसे त्या प्रोग्राममध्ये नसतात आणि लॅपटॉपमध्येही नसतात, ते ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीत असतात, तुमच्याकडे फक्त त्यांची किल्ली आहे आणि किल्ली म्हणजे ते १२ शब्द. प्रोग्राम उघडला नाही म्हणून एक पैसा हलत नाही.

मोबाईलचं कारण सांगतो. बहुतेक वॉलेट ज्या पद्धतीचे शब्द घेतात तिला बिप-३९ म्हणतात, इलेक्ट्रमची पद्धत स्वतःची वेगळी आहे. शब्दांची यादी दिसायला तीच, इंग्रजी २०४८ शब्दांची, पण शब्द बरोबर आहेत का हे तपासायचा हिशोब वेगळा, त्यामुळे इलेक्ट्रमचे शब्द दुसरीकडे टाकले की ते बहुतेक वेळा चुकीचेच सांगणार. तुमचे शब्द बरोबर असणार. पण ते मोबाईलमध्ये टाकले हे मात्र बरं केलं नाहीत, त्यावर नंतर येऊ.

आता डबल क्लिक सोडा. टर्मिनल उघडून ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे तिथे जा, डॉट, स्लॅश आणि फाइलचं नाव टाइप करून एंटर मारा आणि काय छापून येतं ते इथे लिहा. डबल क्लिकमध्ये एरर गिळली जाते, टर्मिनलमध्ये दिसते.

धागाकर्ती

केलं. दोन ओळी आल्या, पहिलीत लिबफ्यूज डॉट एसओ डॉट २ लोड होत नाही असं काहीतरी आणि दुसरीत ॲपइमेज चालायला फ्यूज लागतं असं. यूट्यूबवर एकाने सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्यूज करा सांगितलं, ते टाकलं तर काढून टाकायच्या पॅकेजेसची ही एवढी लांब यादी आली म्हणून हो म्हणायच्या आधी थांबले. करू का?

प्रतिसाद १

अजिबात नको! थांबलात ते फार चांगलं केलंत. फ्यूज म्हणजे ॲपइमेजमधल्या फाइली उघडून दाखवणारा लिनक्सचा भाग. २२.०४ पासून उबुंटूमध्ये फ्यूज ३ असतं, जुनं फ्यूज नावाचं पॅकेज टाकलं की ते फ्यूज ३ काढतं आणि त्यावर अवलंबून असलेल्या डेस्कटॉपच्या गोष्टी पण सोबत जातात, मग लॉगिन करून डेस्कटॉपच येत नाही. कितीतरी जणांनी असं करून सिस्टिम घालवलीय.

तुम्हाला फक्त लायब्ररी हवी. २४.०४ वर तिचं नाव लिबफ्यूज२टी६४, २२.०४ वर नुसतं लिबफ्यूज२ होतं. सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबफ्यूज२टी६४. यात काही काढलं जात नाही, तरी हो म्हणायच्या आधी यादी वाचाच. काही टाकायचंच नसेल तर त्याच फाइलला मागे डबल डॅश ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट लावून चालवा, स्क्वॉशएफएस-रूट नावाचं फोल्डर तयार होईल, त्यातलं ॲपरन चालवलं की फ्यूज नसतानाही उघडतं.

प्रतिसाद २

मध्येच बोलतो, सॉफ्टवेअर सेंटरमध्ये वॉलेट शोधून टाकायच्या फंदात पडू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये उबुंटूच्या स्नॅप स्टोअरवर एक्सोडस या दुसऱ्या वॉलेटच्या नावाने नकली ॲप होतं, एकाने त्यात शब्द टाकले आणि त्याचे सुमारे ९ बिटकॉइन गेले. इलेक्ट्रम फक्त त्यांच्या मूळ साइटवरून घ्यायचं आणि सोबतच्या सहीच्या फाइलने जीपीजी (डिजिटल सही तपासायचा प्रोग्राम) वापरून तपासायचं. आणि हा धागा बघून कुणी सपोर्टमधून बोलतोय म्हणून व्यनि केला तर उत्तरसुद्धा देऊ नका, शब्द मागणारा माणूस चोरच.

धागाकर्ती

व्यनि आलाच होता, एका तासात! उत्तर दिलं नाही.

लिबफ्यूज२टी६४ टाकलं आणि इलेक्ट्रम उघडलं. पण उघडल्यावर माझं वॉलेट नाहीच, नवीन वॉलेट बनवा असं विचारतंय. हातपाय गार पडलेत.

प्रतिसाद १

काही बनवू नका, बंद करा. वॉलेटची फाइल होममधल्या डॉट इलेक्ट्रम या फोल्डरमध्ये, त्याच्या आत वॉलेट्समध्ये असते. डॉटने सुरू होणारं फोल्डर लपलेलं असतं, तुम्ही दिसेल तेवढं सिलेक्ट करून कॉपी केलंत म्हणून ते मागे राहिलं. जुनी डिस्क पुसलेली नाही ना? ती जोडा, कंट्रोल-एच दाबा, दिसेल. वॉलेट्स फोल्डरची आधी पेनड्राइव्हवर एक प्रत काढा, मगच नवीन होममध्ये टाका.

धागाकर्ती

मिळालं!! डिफॉल्ट वॉलेट नावाची फाइल होती, प्रत काढली, कॉपी केली, पासवर्ड टाकला आणि २०२१ पासूनचे सगळे व्यवहार समोर. खरंच रडू आलं. हिस्टरी सीएसव्हीमध्ये काढून सीएंना पाठवली. मोबाईलवाल्या शब्दांचं आता काय करू?

प्रतिसाद १

ते शब्द आता उघडे पडले असं धरा. आधी मूळ साइटवरून नवीन व्हर्जन घ्या, सही तपासा, त्यात नवीन वॉलेट बनवा, नवीन १२ शब्द कागदावर लिहा, आणि जुन्यातली सगळी रक्कम नवीनच्या पत्त्यावर पाठवा. नेटवर्क फी जाईल तेवढी जाऊ द्या. जुनी फाइल आणि जुना कागद फेकू नका, हिस्टरीला लागेल.

धागाकर्ती

पाठवली. वाचवायला म्हणून फी कमी ठेवली आणि आता तीन तास झाले, अनकन्फर्म्ड दाखवतंय. हे अडकलं का?

प्रतिसाद २

अडकलं नाही, रांगेत आहे. जुन्या वॉलेटच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर राइट क्लिक करा, फी वाढवायचा पर्याय दिसेल, तो घ्या आणि पुन्हा सही करून पाठवा. तुमच्या बाबतीत थांबण्यापेक्षा हेच करा, जुने शब्द उघडे आहेत आणि व्यवहार पक्का होईपर्यंत ते ज्याच्याकडे असतील तो पैसे दुसरीकडे वळवू शकतो.