मदत हवी आहे: किनाऱ्यावरून डायव्ह, परतताना पाणी येऊच देईना

खडकवाट: सोमवारी किनाऱ्यावरून दोघं उतरलो. जाताना मजेत गेलो, येताना फिन्स मारून पाय भरून आले तरी जागचं हलेना. सिलिंडरमधली हवा ४० बारवर, म्हणजे संपत आली. भरतीचं टेबल बघूनच गेलो होतो. रविवारी परत जायचंय, किती वाजता उतरू? लवकर सांगा.

निळंपाणी: भरती कितीची? उतरलात कधी? तिथी? उघडा किनारा की खाडी?

खडकवाट: भरती ७ ची, उतरलो सव्वानऊला, बाहेर सव्वादहाला. पौर्णिमेनंतरची द्वितीया. खाडीचं तोंड आहे, त्याने काय फरक पडतो?

जुनाडायव्हर: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. टेबल कशाला लागतं?

निळंपाणी: द्वितीयेची पाऊणपट दीड. त्यांची भरती ७ ची. तो हिशोब सगळ्या किनाऱ्यांना लागत नाही हो.
खडकवाट, फरक तिथेच पडला. भरती-ओहोटीतल्या एकूण उंचीचे १२ भाग धरा: पहिल्या तासाला १ भाग उतरतो, मग २, ३, ३, २, १. तुम्ही तिसऱ्या तासात उतरलात, चौथ्यात परतलात. त्यात उधाण, आणि अख्खी खाडी त्या तोंडातून रिकामी होत होती. जाताना मजेत गेलात कारण पाणीच नेत होतं.

बुडबुडा: १५ लिटरचा सिलिंडर घ्या.

निळंपाणी: सिलिंडर मोठा घेऊन पाणी थांबतं का? ओढ लागली तर समोरून झुंजू नका, आडवे सरका, वर या, बीसीडी (तरंगायचं हवेचं जॅकेट) फुगवा, सिग्नल बोया सोडा.

शिंपला: मास्कवर वाफ धरत असेल तर थुंकी लावा.

निळंपाणी: भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे रविवारी बाराच्या आसपास. टेबलात पक्की बघा. भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती असेल, ओढही कमी. भरतीच्या अर्धा तास आधी उतरा, पाणीही स्वच्छ मिळेल. ओहोटीला खाडीचा गाळ येतो.

जुनाडायव्हर: खाडीच्या तोंडाशी भरती पूर्ण झाली तरी पाणी आत जात राहू शकतं. वेळेवर विसंबू नका, तरंगता कचरा थांबला की उतरा.

निळंपाणी: हे मात्र खरं.

खडकवाट: ठीक, साडेअकरा. एकटाच आहे, बडीचे (डायव्हच्या जोडीदाराचे) पाय अजून दुखतायत.

निळंपाणी: हे आत्ता सांगताय?