एकांतवास ही सुधारणा म्हणूनच आली होती

'कैद ही पूर्वापार शिक्षाच होती, फक्त पूर्वी जास्त क्रूर होती' असं म्हटलं जातं, त्यात थोडी दुरुस्ती करतो. अठराव्या शतकापर्यंत युरोपात तुरुंग मुख्यतः खटला होईपर्यंत किंवा कर्ज फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवायची जागा होती. शिक्षा म्हणजे फटके, फाशी, हद्दपारी. इंग्लंडमध्ये तर तुरुंगाधिकाऱ्याला पगारच नसे, तो कैद्यांकडून फी उकळायचा. १७७३ मध्ये तिथल्या बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ (तुरुंगाची देखरेखही ज्याच्याकडे असे तो अधिकारी) झालेल्या जॉन हॉवर्डला दिसलं की निर्दोष सुटलेली माणसंही फी भरली नाही म्हणून आतच खितपत पडली आहेत. तिथून तो गावोगावचे तुरुंग पाहत सुटला.

मला जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं, सुधारणा म्हणून आलेला एकांतवास, म्हणजे कैद्याला एकट्यालाच कोंडून ठेवणं. अमेरिकेत फिलाडेल्फियात १८२९ मध्ये सुरू झालेल्या ईस्टर्न स्टेट तुरुंगात प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, वर छतात झरोका, मागे छोटंसं अंगण. कोठडीबाहेर नेताना डोक्यावर टोपडं चढवायचे, म्हणजे कुणाचा चेहरा कुणाला दिसू नये. एकटा बसला की माणूस पश्चात्ताप करेल, ही त्यामागची प्रामाणिक समजूत! प्रत्यक्षात अशा कोठड्यांत कित्येकांचं मानसिक संतुलन ढळलं, तरी ती पद्धत तिथे अधिकृतपणे १९१३ पर्यंत चालली.

कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनुसार सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवास निषिद्ध आहे. पण ते नियम बंधनकारक नाहीत. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या अल्बर्ट वुडफॉक्स या कैद्याने जवळजवळ सगळा वेळ एकांतवासात, अशी ४० हून अधिक वर्षं काढली. सुटका झाली २०१६ मध्ये.