सुरतेतला डच गव्हर्नर वान रीड कोण होता?

कापडवाला_जालना:
लग्नसराईच्या मालासाठी सुरतेला गेलतो. पार्सल बांधायला दलालानं वेळ लावला, म्हणून कतारगाम दरवाजाकडच्या जुन्या डच कब्रस्तानात चक्कर मारली. एक कबर बघून थक्कच झालो. खाली-वर खांबांची ओवरी, वर भला मोठा घुमट. आपल्या खुलताबादला औरंगजेब बादशहा उघड्या आभाळाखाली, न् हा कंपनीचा नोकर असल्या थाटात! तिथला माणूस म्हणला, डच गव्हर्नर वान रीड. सुरतेचा गव्हर्नर होता का? जाणकारांनी सांगावं.

झाडपाला_अंबाजोगाई:
नाही शेठ, सुरतेचा नव्हे. हेंड्रिक वान रीड १६७० ते १६७७ मलबारचा कारभारी, ठाणं कोचीन. सुरतेत तो जिवंत पोचलाच नाही. १६८४ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला आपल्याच नोकरांची लबाडी हुडकायला कमिशनर-जनरल नेमलं. वखारीमागून वखारी तपासत सुरतेकडं निघालेला असताना १५ डिसेंबर १६९१ ला मुंबईजवळ जहाजावरच वारला. आपले राजाराम महाराज तेव्हा जिंजीत होते.

थाटाचं म्हणाल, तर सुरतेतच इंग्रजांच्या कब्रस्तानात जॉर्ज ऑक्झिंडनची कबर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ ला सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार सांभाळून बसलेला तोच. त्याच्यापेक्षा आपली उंच असावी म्हणून डचांनी हा खर्च केला, असं सांगतात.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, म्हणून मला हा माणूस वेगळ्याच कारणानं माहीत. 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा सचित्र लॅटिन ग्रंथ त्यानं करवून घेतला. बारा खंड, ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ दरम्यान छापले, ७४२ वनस्पती. झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणारा स्वीडनचा लिनियस भारतात कधी आला नाही. इथल्या कितीतरी झाडांना त्यानं शास्त्रीय नावं दिली ती यातली चित्रं बघून.

रोखठोक_परभणी:
म्हणजे राबले आपले लोक, न् नाव साहेबाचं. नेहमीचंच.

झाडपाला_अंबाजोगाई:
अर्धं खरं आहे, दादा. झाडांचे गुण सांगितले इट्टी अच्युतन नावाच्या मल्याळी वैद्यानं, आणि रंगा भट, विनायक पंडित, आपू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांनी. पण या चौघांची नावं आपल्याला कळली कुठून? त्याच ग्रंथातून. त्यांच्या साक्षी पहिल्या खंडात त्यांच्याच लिपीत छापल्यात. तिघा ब्राह्मणांची नागरीत आहे, १६७५ सालची, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकानंतर वर्षाच्या आतली. नागरी अक्षरं इतक्या आधी छापलेली फार थोडी सापडतील. त्या काळी किती साहेबांनी वैद्याचं नाव लिहून ठेवलं?

साधुसंत मात्र समजू नका. त्यात कंपनीचा मतलब होताच. शिपायांची औषधं युरोपातून यायची, महाग पडायची. शिवाय सिलोनचा, म्हणजे श्रीलंकेचा, डच गव्हर्नर वान खूंस वान रीडवर खार खाऊन होता. त्याला कोलंबो मोठं करायचं होतं, याला कोचीन. मलबारची माती किती श्रीमंत आहे हे वरिष्ठांना दाखवायला यापेक्षा भारी कागद कुठला?

काढेवाली_नांदेड:
सर, आमच्या सासूबाई अजून गुळवेल, अडुळसा ओळखून आणतात. त्यांना ही चित्रं दाखवता येतील का? की नुसतं लॅटिनच?

झाडपाला_अंबाजोगाई:
ताई, जरूर दाखवा. चित्राला लॅटिन लागत नाही. जुने खंड नेटवर फुकट आहेत. मजकूर वाचायचा तर डॉ. के. एस. मणिलाल यांनी कित्येक वर्षं खपून इंग्रजी भाषांतर केलंय. केरळ विद्यापीठानं २००३ मध्ये ते काढलं. पहिल्या खंडाची सुरुवात नारळापासून आहे, ती आपल्या कामाची नाही. सहावा खंड उघडा, त्यात 'पोंगम' शोधा. तो आपला करंज. नाव झाकून सासूबाईंपुढं धरा, शेंग बघूनच सांगतील.

कापडवाला_जालना:
आमच्या गोदामामागं करंजाचं झाड आहे. ताई, सासूबाई काय म्हणल्या ते इथं लिहा.